कुंकू लावलेलं पत्रक

कडुलिंबाचा मोहोर गळायला लागला की तंजावुरात परीक्षा येतात. राजवाड्यामागच्या गल्लीत, सकाळी सारवलेल्या दारापुढे नुकत्याच काढलेल्या कोलमवर, इथल्या रांगोळीवर, ती बारीक पांढरी फुलं पडून राहतात. बायका ती गोळा करून सुपात वाळवतात, वर्षभराच्या रसमसाठी. पोरं त्यांच्यावरून चपला फरफटत ट्यूशनला जातात. झेरॉक्सच्या दुकानापुढे हॉल तिकिटांची रांग लागते. नुंगू विकणारा ताडफळं सोलत कोपऱ्यावर बसतो आणि त्याच्याभोवती माश्या. तिकडे तिरुवैयारुला कावेरी म्हणजे नुसती वाळू. त्या वाळूत पोरं क्रिकेट खेळतात आणि आया काठावरून ओरडतात, की उद्या गणिताचा पेपर आहे, घरी ये. तमिळमध्ये ओरडतात. आमच्या, इथल्या मराठी घरांतल्या आयाही तमिळमध्येच ओरडतात. ही तक्रार आहे. हा सगळा लेखच तक्रार आहे. ललित हा शब्द संपादकांचा.

मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. कॉलेजात असताना सवय लागली. टाउन बस वेळेवर सोडा, हॉस्टेलच्या पाण्याच्या टाकीला झाकण लावा, नदीतली वाळू उपसणं थांबवा, असली पत्रकं मी तमिळमध्ये लिहायचे आणि बस स्टँडवर उभी राहून वाटायचे. ज्यांनी मला हे शिकवलं त्यांचा नियम असा, की पत्रकात तीनच गोष्टी हव्यात: काय झालं, कोणी केलं, आणि कधी कुठे जमायचं. बाकी सगळं साहित्य. आणि तिसरी गोष्ट ठाऊक नसेल तर पहिल्या दोन लिहूच नयेत, कारण माणसाला नुसतं चिडवून घरी बसवणं हा गुन्हा आहे. आज मी तो गुन्हा करते आहे. कुठे जमायचं हे मला सांगता येत नाही. जमायची जागा होती, ती गेली, आणि ती कशी गेली एवढंच माझ्याजवळ उरलं आहे.

पोटासाठी मी इंग्रजी शिकवते. दुचाकी दुरुस्तीच्या दुकानाच्या माडीवर एक कोचिंग सेंटर आहे, तिथे. खालून ग्रीसचा आणि जळक्या ऑइलचा वास येतो, मेकॅनिक अॅक्सिलरेटर पिळून बघायला लागला की मी तोंड मिटून थांबते, आणि वर्ग तेवढ्यात हसून घेतो. दर वर्षी याच दिवसांत उजळणीला एक पान येतं: भूतकाळातल्या सवयी आणि स्थिती. यूज्ड टू. मी फळ्यावर लिहिते, पूर्वी असे, आता नाही. एवढीच अट. मग दुसरा प्रकार, वुड. तो सवयीला चालतो, स्थितीला चालत नाही. आजोबा रोज नदीवर जात, हे वुड लावून सांगता येतं. इथे एक विहीर होती, हे वुड लावून सांगता येत नाही. करणं वेगळं, असणं वेगळं. इंग्रजांना एवढा फरक कळत होता याचं मला दर वर्षी नवल वाटतं.

इथल्या पोरांची एक चूक ठरलेली आहे. आय यूज्ड टू ईट इडली डेली. मी विचारते, अजून खातोस ना? खातो, मिस. मग ईट लिही की. पण नाही. जे रोज चालू आहे तेही त्यांना यूज्ड टूमध्येच सांगायचं असतं. त्यांच्या वह्या खऱ्या मानल्या तर अख्ख्या जिल्ह्याने इडली सोडली आहे, दात घासणं सोडलं आहे आणि कोणी शाळेत जात नाही. मी लाल पेनाने खोडत जाते. आता हात आपोआप चालतो. एका उन्हाळ्यात तो अडला होता.

त्या उन्हाळ्यात मी हेच पान दुसरीकडे शिकवत होते. आमच्या समाजाच्या ट्रस्टचं एक सभागृह होतं. सभागृह म्हणजे मंगलोरी कौलांची लांबट खोली, एका टोकाला लग्नाचं स्टेज, भिंतीवर देणगीदारांचे फोटो आणि त्यांच्या गळ्यात चंदनाच्या सालीचे जुने हार. कुठल्यातरी लग्नातल्या सांबाराचा वास त्या भिंतींत कायमचा मुरला होता. कोरै गवताच्या चटया अंथरून पोरं बसायची. किल्ली सुंदर राव मामांकडे असे. हे ट्रस्टचे सचिव, सरकारी नोकरीतून निवृत्त, पांढरा हाफ शर्ट, कपाळाला विभूती, काखेत छत्री. सख्खे मामा कुणाचेच नव्हते, म्हणून सगळ्या गल्लीचे झाले होते.

माझा सौदा उघड होता. एक तास इंग्रजी, त्यानंतर अर्धा तास मराठी. इंग्रजीसाठी आया पोरांना ओढत आणायच्या. मराठीसाठी कोणी आणलं नसतं. इंग्रजी हे आमिष होतं आणि मी ते पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं. आया हसल्या. सरी, म्हणजे बरं, म्हणाल्या, अर्धा तास कुठे वाया जातोय, घरी टीव्हीच बघतात. आमच्या भाषेला टीव्हीच्या जागेवर बसवून त्या निघून गेल्या.

आमची भाषा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तुम्ही मराठी वाचक बहुतेक महाराष्ट्रातले असाल आणि इथे येऊनही गेला असाल. राजवाडा बघता, मोठ्या देवळातला मराठी शिलालेख बघता, त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढता, डोळ्यांत पाणी आणता. मग आमच्यापैकी कोणीतरी सापडतो आणि तुम्ही विचारता, अय्या, तुम्ही अजून मराठी बोलता? आम्ही मला नाही, मज म्हणतो. तुला नाही, तुज म्हणतो. कुठे नाही, कोठें म्हणतो. एकदा पाहुण्यांच्या पंगतीत मी नुसतं ‘मज ताक वाढ’ म्हटलं, तर शेजारच्या बाईंनी माझा हात धरला. काय गोडवा, म्हणाल्या, अगदी जुन्या अभंगासारखं. बाई, मला ताक हवं होतं. ते शेवटपर्यंत मिळालं नाही. कौतुक हे असं असतं. कौतुक करणारा ऐकत नाही.

तर त्या अर्ध्या तासात पोरं थोडी देवनागरी गिरवायची आणि मग मराठी बोलायची. आधी लाजत, मग एकमेकांच्या चुका काढत, मग चुकांचीच मजा घेत. समजायचं सगळ्यांना, बोलता कोणालाच यायचं नाही. घरात ऐकलेलं असायचं ना. आई बापाशी भांडते त्या भाषेत, मुलांना कळू नये ते बोलतात त्या भाषेत. त्यामुळे पोरांना भांडणाचे आणि गुपिताचे शब्द आधी यायचे. आमच्या वर्गात ‘चमचा’ कोणाला येत नव्हतं, ‘निर्लज्ज’ सगळ्यांना येत होतं.

त्यांतली मीना दहावीत होती. दोन वेण्या, कंपासपेटीवर सिनेमातल्या हिरोचा स्टिकर, आणि प्रत्येक गोष्टीला उलट प्रश्न. यूज्ड टूच्या दिवशी मी सांगितलं, आपल्या घराबद्दल एक-एक वाक्य लिहा. कोणी लिहिलं, आमच्याकडे गाय असे. कोणी लिहिलं, आमच्याकडे झोपाळा असे. मीनाने लिहिलं, माझे अप्पा त्यांच्या बहिणीशी मराठीत बोलत असत.

मी विचारलं, बहीण आहे ना अजून? आहे, कुंभकोणमला. फोन करतात? दर रविवारी. मग ‘बोलत असत’ कसं? बोलतात म्हण. मीनाने पेन्सिल चावली. खोटं बोलायचं नव्हतं तिला.

“पहिलं वाक्य मराठीत, मिस. कशी आहेस म्हणतात. मग तमिळ.”

लाल पेन माझ्या हातात होता. वाक्य चूक की बरोबर हे मला ठरवता येईना. सवय मोडली होती की चालू होती? एका वाक्याची सवय ही सवय धरायची का? मी ती वही तशीच परत दिली. माझ्या शिकवण्याच्या आयुष्यात न तपासलेलं ते एकच वाक्य.

मराठीच्या अर्ध्या तासात मग मी त्यांना सांगितलं, की आपल्याकडे याला वेगळं शेपूट जोडावं लागत नाही. नुसतं क्रियापद जरा वाकवायचं. येई, जाई, बसे, म्हणे. रोज येत होता, आता येत नाही, सगळं त्या एका ‘येई’मध्ये. पोरांना तो आवाज आवडला. मीना चटईवर उभी राहून म्हणाली, अप्पा येई, अम्मा जाई, मिस ओरडे. सगळे हसले. मीही हसले. कौलांतून उन्हाचे कवडसे चटयांवर पडले होते आणि बाहेर फुलं गळत होती. त्या दुपारी मला वाटलं होतं की हे जमेल. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला असं वाटणं महागात पडतं.

त्याच आठवड्यात सुंदर राव मामांनी मला थांबवलं. एका केटररला गोदामासाठी ती जागा हवी होती. ट्रस्टच्या बाकीच्या लोकांना ते बरं वाटत होतं, कारण कौलं गळत होती आणि केटरर ती दुरुस्त करून देणार होता. मामांना ते बरं वाटत नव्हतं, पण मामा बोलून दाखवणाऱ्यांतले नव्हते. ते छत्रीच्या टोकाने जमिनीवर रेघ ओढत राहिले.

“तुझ्या वर्गास माणसं आहेत हे मज दाखव,” म्हणाले. “पोरं नव्हेत. पोरं कोठेंही बसतात. मायबाप दाखव. अर्धे आले तरी मी बघतों.”

शेवटच्या पेपरनंतरचा रविवार ठरला. पालकांनी यायचं, हा वर्ग आम्हाला हवा एवढं म्हणायचं, जागा राहील. यापेक्षा सोपी लढाई मी कधी लढले नव्हते. समोर कोणी पोलीस नाही, अधिकारी नाही, कंत्राटदार नाही. आपलीच माणसं, आपल्याच गल्लीतली, पाच मिनिटांच्या अंतरावर.

मी पत्रक लिहिलं. आमच्या मराठीत लिहिलं आणि तमिळ लिपीत लिहिलं, कारण आमच्यात देवनागरी वाचणारं माणूस शोधावं लागतं. आम्ही सही तमिळमध्ये करतो, बाजाराची यादी तमिळमध्ये करतो, मराठी नुसती तोंडात. आदल्या वर्षी महाराष्ट्रातल्या एका मंडळाची माणसं येऊन गेली होती, काहीही लागलं तर कळवा म्हणाली होती. मी मजकूर पाठवला आणि छापून द्या म्हणून कळवलं. तिथल्या एका गृहस्थांचा फोन आला. आवाज मऊ, बोलणं सभ्य. ताई, म्हणाले, मराठी आणि तमिळ लिपीत, हे बरं दिसेल का? मी म्हटलं, बरं दिसायला नको आहे, वाचता यायला हवं आहे. ते हो हो म्हणाले.

पार्सल आलं तेव्हा अर्ध्या परीक्षा होऊन गेल्या होत्या. जाड पिवळा गुळगुळीत कागद. वर लाल अक्षरात ॥ श्री ॥, भोवती कमळांची नक्षी, आणि खाली देवनागरी. शब्दही माझे नव्हते. समस्त पालकवर्गास सविनय आवाहन, असं सुरू होत होतं. मातृभाषा-संवर्धनार्थ असा एक शब्द ओळ भरून पसरला होता. माझं एखाद-दुसरं वाक्य तेवढं खाली राहिलं होतं, तेही इस्त्री करून. मी फोनवर आवाज चढवला. ते म्हणाले, ताई, मुलं देवनागरी शिकतायत ना? मग मुलंच आईवडिलांना वाचून दाखवतील. तुमच्या वर्गाचा याहून मोठा पुरावा कोणता? मी फोन ठेवला आणि गठ्ठा सोडला. भांडणात मला वाईट युक्तिवाद खोडता येतात. चांगल्या युक्तिवादाशी कसं भांडायचं, हे कोणी शिकवलं नव्हतं.

पोरांच्या हातात एक-एक पत्रक दिलं. घरी वाचून दाखवा म्हटलं. शिवाय मी स्वतः दारोदार गेले. दहावीच्या घरात त्या दिवसांत कोणाशी बोलता येत नाही. आया दारातच तोंडावर बोट ठेवायच्या, आत पोर पाठ करतंय. रविवारी सभा आहे, मी कुजबुजायचे. सरी, सरी, म्हणायच्या. जागा जाईल बघा. होय गे, होय. एका घरात तर मला तिण्णैवर, दाराबाहेरच्या ओट्यावर, बसवून ताक दिलं, आणि ते मज न म्हणताच मिळालं. सगळ्यांनी माना हलवल्या. इतक्या माना हलताना मी बस स्टँडवर कधी पाहिल्या नव्हत्या, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

रविवारी सकाळी आम्ही चटया काढल्या आणि खुर्च्या मांडल्या, मोठ्या माणसांना खाली बसणं होत नाही म्हणून. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि घरून थर्मासमध्ये कॉफी आणली होती. पहिला माणूस आला तो केटररचा. टेप घेऊन आला होता. मोठी पातेली आत जातील का बघायला त्याने दार मोजलं, आम्हाला नमस्कार केला, कॉफी घेतली आणि गेला. मग मीना आली, मागून आणखी तीन-चार पोरं आली, परीक्षा संपल्याच्या आनंदात खुर्च्यांमधून पळापळ करू लागली. आई कुठे, मी मीनाला विचारलं. देवळात, म्हणाली, पेपर संपले म्हणून कापूर लावायला. बाकीच्यांच्या आया? त्याही.

ऊन स्टेजपर्यंत सरकलं. कॉफी निवली. मी मामांना म्हटलं, पोरं तरी आली आहेत.

“पोरं मी म्हटलं नव्हतं,” मामा म्हणाले, आणि खुर्च्या एकात एक घालू लागले.

मी दुपारीच निघाले. मला जाब विचारायचा होता. रस्ता इतका तापला होता की कुत्री गाड्यांखाली झोपली होती. पहिलं घर मीनाचं. तिची आई जयंती अक्का, बँकेत कामाला, कपाळावर देवळातलं ताजं कुंकू. मी दारातच विचारलं, अक्का, पत्रक वाचलंत का. त्यांनी मला हसून आत नेलं, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, जिथे देवांची फळी असते. समईच्या मागे, देवीच्या फोटोशेजारी माझं पत्रक उभं होतं. चार कोपऱ्यांना हळदीकुंकू. वर मोगऱ्याचा गजरा.

मी पुढे होऊन त्या कागदाला हात लावला. त्यांना वाटलं, मला आनंद झाला.

“तूं दिलीस त्या दिवसापासून ठेवलं आहे,” त्या म्हणाल्या. “गणिताच्या दिवशीं पेटींत घालून दिलं होतं तिला. बराच गेला पेपर.”

हे सभेचं बोलावणं आहे, मी म्हटलं. आजच्या सभेचं. जयंती अक्कांनी एकदा पत्रकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्या अक्षरांत त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट पाहिली होती: भटजींच्या पोथीतली स्तोत्रं आणि देवळाच्या भिंतीवरचे श्लोक. वर लाल श्री. पिवळा कागद. भोवती कमळं. सभेचं बोलावणं कोणी असं छापतं का? दारातली माझी कुजबुज पेपरांच्या धांदलीत केव्हाच विरून गेली होती. त्यांचं काय चुकलं, मला अजून सांगता येत नाही. मी मीनाकडे वळले. तुला वाचता येतं ना? तू वाचलं नाहीस?

“वाचलं, मिस. अक्षरं सगळीं आलीं. अर्थ कोठें आला?”

मी बाकीच्या घरांत गेले. एका घरात त्याला प्लास्टिक चढवून आणलं होतं, कापराने डाग पडू नये म्हणून. एका घरात ते तांदळाच्या डब्यात होतं. एकाने स्कूटरच्या पुढे, लिंबू-मिरची बांधतात तिथे लावलं होतं. कोणी फाडलं नव्हतं. कोणी त्यात भजी बांधली नव्हती. मी आयुष्यात वाटलेल्या शेकडो पत्रकांचं पुढे काय होतं ते मी पाहिलेलं आहे, दुपारपर्यंत ती गटारात असतात. हे पहिलं पत्रक, जे प्रत्येक घराने जपलं. आणि सभेला कोणी आलं नाही.

संध्याकाळी मी मामांना सांगितलं. मामांनी छत्री भिंतीला टेकवली. मग म्हणाले, देवाजवळ ठेवलं, म्हणजे मान आहे गे अजून. माझा तोल गेला. मी म्हटलं, मामा, मान देवाला देतात आणि मेलेल्यांना देतात. जिवंत माणसाशी बोलतात. मामांनी छत्री उचलली, भिंतीवरच्या हार घातलेल्या देणगीदारांकडे एकदा पाहिलं, आणि किल्ली खिशात टाकून निघाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी ती केटररला दिली. दुसरी सभा घे, असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

तेव्हापासून यूज्ड टू आणि वुड शिकवताना मला गल्ली दिसते. करणं वेगळं, असणं वेगळं. आमच्या लोकांनी असणं ठेवलं आणि करणं सोडलं. आम्ही मराठी आहोत: हे लग्न जुळवताना सांगतात, जातीच्या दाखल्यावर सांगतात, तुम्ही कॅमेरा घेऊन आलात की तुम्हाला सांगतात. आम्ही मराठी बोलतो: हे वाक्य म्हणायला कोणी उरत नाही. आणि नुसतं असणं फार टिकाऊ असतं. त्याला रोज काही करावं लागत नाही. समईमागे उभं राहता येतं.

आता त्या सभागृहात पातेली आहेत. दाराशी नवरानवरीच्या लाल मखमली खुर्च्या एकावर एक रचलेल्या असतात. कौलं खरंच गळत नाहीत; केटररने शब्द पाळला. मामा वारले. त्यांच्यानंतर मी बरीच धावाधाव केली, शाळांत गेले, अर्ज केले, एका घराच्या गच्चीवर वर्ग भरवून पाहिला. गच्चीवर दोन पोरं यायची, मग एक, मग पाऊस. मग मी कोचिंग सेंटरच्या माडीवर गेले. तिथे मराठीचा अर्धा तास नाही. मालकांना विचारायची माझी हिंमत झाली नाही असं नाही. विचारलं, ते म्हणाले, कोणासाठी? मी खडू घेऊन वर्गात गेले.

उरलेली पत्रकं माझ्या खाटेखाली होती. होती म्हणते, कारण आता फार राहिली नाहीत. मीना गणितात चांगल्या मार्कांनी पास झाली, त्याची बातमी गल्लीत फिरली. पुढच्या वर्षी मोहोर गळायला लागला आणि एक आई आली, तसला एक कागद आहे का. मग दुसरी. कोणी बारावीसाठी, कोणी बँकेच्या परीक्षेसाठी, एकजण परदेशाच्या व्हिसासाठी. मी प्रत्येकीला सांगते की हे सभेचं बोलावणं आहे, आणि सभा होऊन गेली. प्रत्येक बाई ऐकून घेते आणि हात पुढे करते. नाही म्हणावं असं दर वर्षी ठरवते. मग देते. माझ्या हातून मराठीत छापलेलं काही मागून नेणारी ही एवढीच माणसं आहेत.

या आठवड्यात जयंती अक्कांचा फोन आला. धाकटी, दीपा, यंदा दहावीला आहे. जुनं पत्रक धुराने काळं पडलं, नवं आण, म्हणाल्या. मी सकाळी क्लासला जाता जाता गेले. दारापुढच्या कोलमवर फुलं पडली होती. आत इडलीची वाफ, उदबत्ती, दीपाचं मोठ्याने चाललेलं पाठांतर. मीना कशी आहे, मी विचारलं. चेन्नईला, मोठ्या कंपनीत. रोज फोन करते. मला राहवलं नाही. म्हटलं, पहिलं वाक्य मराठीत बोलते का? जयंती अक्का क्षणभर आठवत राहिल्या. कामावरून करते गे, म्हणाल्या, घाईत असते.

समईमागचं जुनं पत्रक त्यांनी दोन्ही हातांनी काढलं, डोळ्यांना लावलं. ते केराच्या टोपलीत टाकायचं नाही. वाहत्या पाण्यात सोडायचं, पण कावेरीला आत्ता पाणी नाही, म्हणून त्यांनी ते पाणी येईपर्यंत कपाटावर ठेवून दिलं. नव्याला हळदीकुंकू लावलं. मग मला म्हणाल्या:

“तुज वाचतां येतं न? देवापुढें एकदां वाच. वाचून ठेवलं तर अधिक लागू होईल.”

अक्का, हा मंत्र नाही, मी म्हटलं. मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं.

“होय, सांगितलीस,” त्या म्हणाल्या, लहान मुलाची समजूत घालावी तशा. “वाच.”

मी वाचलं. उभ्याने, चप्पल दाराबाहेर, खांद्याला क्लासची पिशवी. समस्त पालकवर्गास सविनय आवाहन. त्यांनी हात जोडले आणि डोळे मिटले. संवर्धनार्थ आलं, गेलं. मग खाली माझी उरलेली एक-दोन वाक्यं आली, आपली मुलें आपल्या घरात आपल्या भाषेत बोलती राहावीत, आणि माझा आवाज माझ्याही नकळत चढला, बस स्टँडवर चढायचा तसा. जयंती अक्कांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं नाही, पत्रकाकडे पाहिलं. रविवारी सकाळी दहा वाजता सर्वांनी सभागृहात यावे, मी वाचलं, आणि संपलं.

“मधें मधें आमचे शब्द आहेत गे ह्यांत,” त्या हळू म्हणाल्या. “हा कागद घर म्हणतो. मुलें म्हणतो. यावें म्हणतो.”

मी होय म्हटलं.

“कोणास यावें म्हणतो? देवास?”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात आतून दीपाने तमिळमध्ये विचारलं, अम्मा, झालं का, मला उशीर होतोय. झालं, झालं, त्यांनी तमिळमध्ये सांगितलं, आणि पत्रक देवीच्या फोटोला टेकवून उभं केलं.